नाटक बघा, तिकीटबारीही बघा

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण आजोबा-पणजोबांपासून ऐकत आलो. आता ती उलटी झाली, असे जो तो म्हणतो. नोकरी वर गेली आणि शेती खाली आली. पण या उलथापालथीत व्यापार मात्र होता तिथेच, मध्येच राहिला, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. शेती बाप शिकवतो. नोकरीची तयारी शाळा-कॉलेजात होते. मधल्या व्यापाराचा धडा शेतकऱ्याच्या मुलाला कोणीच देत नाही.

आपल्या ब्रह्मपुरीकडचेच बघा. आजूबाजूच्या तालुक्यांतली मुले-मुली इथे शिकायला येतात, खोली घेऊन राहतात, पोलीस भरतीची नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतात. तयारी करावी, त्यात वाईट काही नाही. पण जागा मोजक्या आणि अर्ज ढिगाने. ज्याला जागा मिळाली नाही, तो दोन-चार वर्षांनी गावी परततो. बांधीत उतरायचे मन होत नाही. ‘मग एखादा धंदा का करत नाहीस?’ असे विचारले, तर मुलाआधी बापच उत्तर देतो, ‘धंदा आपल्या लोकांचे काम नव्हे बाप्पा, त्याला लबाडी लागते!’

धंद्याला लबाडी लागते, हा समज आपल्या मनात आला कुठून? थोडा अनुभवातून आला, हे खरेच. पण बराचसा आला तो आपण ऐकलेल्या, वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींतून. नाटक असो, सिनेमा असो की कादंबरी, त्यातला पैसेवाला बहुतेक वेळा दुष्टच असतो. गोष्टीतून समज बसतो, तसा तो गोष्टीतूनच सुधारताही येतो. पैसा, भांडवल आणि उद्योग यांचे शिक्षण देण्यासाठी जाडजूड पुस्तके लागत नाहीत. चार चांगले सिनेमे, दोन-तीन पुस्तके आणि आपले झाडीपट्टीचे नाटक एवढ्यावर हे काम घरच्या घरी होऊ शकते. ते कसे, हे या लेखात पाहू.

पडद्यावरचा सावकार

मराठी सिनेमाने शेतकऱ्याच्या पैशाची गोष्ट फार लवकर सांगितली. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. शेतकरी सावकाराच्या खोट्या कागदात अडकतो, जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजुरी करतो, अशी ती कथा. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका पुढे प्रसिद्धीला आलेल्या व्ही. शांताराम यांनी केली होती. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या काळात शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आले, ही मोठीच गोष्ट होती.

पुढे १९५३ साली बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ हा हिंदी सिनेमा आला. त्यातला शंभू हा दोन बिघ्यांचा मालक. आपल्या हिशेबाने आपले देणे ६५ रुपये, असे समजून तो घरातले किडूकमिडूक विकून पैसे उभे करतो. जमीनदाराच्या वहीत मात्र तेच देणे २३५ रुपये निघते. शंभूला लिहिता-वाचता येत नाही आणि त्याने केलेल्या मजुरीची वहीत कुठे नोंद नाही. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो, तरी जमीन वाचत नाही. शेवटी त्या जागेवर कारखाना उभा राहतो.

हा सिनेमा पाहून डोळ्यांना पाणी येते. ते यावेच. पण डोळे पुसल्यावर मुलांना एक प्रश्न विचारायला हवा. ६५ चे २३५ कसे झाले? सावकार दुष्ट होता, एवढे उत्तर पुरेसे नाही. शंभूजवळ पावती नव्हती, नोंद नव्हती आणि कागद वाचता येत नव्हता. दुष्ट माणसाला फावले ते यामुळे. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून चौकशी मागता येते. पण अर्जाच्या सुनावणीतसुद्धा कागदच मागतात! म्हणून सिनेमातला पहिला धडा हा, की व्यवहार सोयऱ्याशी असो की परक्याशी, तो लिहून ठेवावा.

अर्धाच धडा घेऊ नये

या गोष्टींतून आपण अर्धाच धडा घेतला, ही अडचण आहे. पैसा लावणारा तो सगळाच लुटारू, असे मनात धरले आणि पैशाकडे पाठ फिरवली. पाठ फिरवल्याने पैसा थांबत नाही. तो दुसऱ्याच्या दारी जातो, एवढेच.

महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण यासाठी मुलांना सांगण्यासारखे आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे त्यांचे १८८३ सालचे पुस्तक. शेतकऱ्याची लूट कशी होते, हे त्यांनी त्यात जितक्या कडक शब्दांत मांडले तितके क्वचितच कोणी मांडले असेल. त्याआधी १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अडाणी शेतकरी जोडपे धर्माच्या नावाखाली फसवले जाते आणि अखेरीस शिकायचे ठरवते, असे त्याचे कथानक. नाटकातून शेतकऱ्याला शहाणे करण्याचा हा विचार इतका जुना आहे. पण हेच जोतीराव स्वतः ठेकेदारीही करत. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला होता. लुटीविरुद्ध लिहिणे आणि सचोटीने धंदा करणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

भांडवलशाही हा शब्द ऐकला की घाबरायला होते. पण त्याचा अर्थ सोपा आहे. कोणीतरी पैसा लावतो, त्यातून साधने आणि माल घेतो, लोकांना कामाला लावतो, तयार वस्तू बाजारात विकतो. नुकसान झाले तर त्याचे आणि उरले तर तेही त्याचे. उत्पादनाची साधने बहुतांशी अशा खाजगी मालकीची असतात आणि भाव बाजारात ठरतो, त्या व्यवस्थेला भांडवलशाही म्हणतात. त्यात कर्तबगारीला वाव आहे आणि पिळवणुकीलाही. कोणती गोष्ट कर्तबगारीची आणि कोणती पिळवणुकीची, हे ओळखायला मुलांना चार प्रश्न शिकवावे:

१. भांडवल कोणाचे?
२. जोखीम कोणाची?
३. कष्ट कोणाचे?
४. नफा कोणाच्या घरी गेला?

भांडवल आणि जोखीम एकाची, त्याने कष्टकऱ्याला रास्त मजुरी दिली आणि मग नफा घेतला, तर तो उद्योजक. जोखीम आणि कष्ट दुसऱ्यावर ढकलून जो फक्त नफा उचलतो, त्याच्यापासून सावध राहावे. कोणताही सिनेमा पाहून झाला की हे चार प्रश्न लावून बघा.

दागिने मोडून उभा राहिलेला उद्योग

आता एक उद्योजकाचीच गोष्ट घ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी पहिला भारतीय कथाचित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, यावर परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी सिनेमा केला. हसतखेळत सांगितलेली ही गोष्ट घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहावी अशी आहे.

फाळक्यांजवळ पैसा नव्हता. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा चालवण्याचे तंत्र शिकून घेतले. परत आल्यावर सिनेमासाठी पैसे देणारा माणूस हवा होता. नुसत्या बोलण्यावर कोण पैसे देणार? मग फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला अंकुर फुटून रोप वाढेपर्यंत थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढताना दिसले. ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. मोठा खर्च करण्याआधी छोटा नमुना करून दाखवणे ही उद्योगातली पहिली पायरी आहे, आणि ती फाळक्यांनी एका वाटाण्याच्या दाण्यावर चढून दाखवली! आपल्याकडे नवे बियाणे आधी एका बांधीत लावून बघतात, त्यातलाच हा प्रकार.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा तर विसरूच नये. त्यांनी अंगावरचे दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला भोके पाडण्याचे, ती धुण्याचे तंत्रही शिकून घेतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. चार प्रश्न लावून बघा. भांडवलात दागिने सरस्वतीबाईंचे, कष्ट दोघांचे, आणि नाव मात्र एकाचेच झाले. आपल्या शेतीतही असेच होत नाही का? रोवणीला, निंदणाला आणि कापणीला वाकते कोण, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे? घरातल्या मुलींसमोर हा प्रश्न जरूर बोलावा.

फाळक्यांची पुढची कहाणीही मुलांपासून लपवू नये. त्यांनी नंतर भागीदारांबरोबर नाशिकला ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ काढली. भागीदारांशी पटले नाही. ते बाहेर पडले, परत आले, बोलपट आल्यावर मागे पडले आणि १९४४ साली नाशिकला हलाखीत वारले. कल्पना मोठी असली तरी भागीदारीच्या अटी आणि बदलता बाजार यांकडे लक्ष द्यावेच लागते.

दोन-दोन रुपयांचा सिनेमा

एका माणसाजवळ भांडवल नसेल, तर पुष्कळांनी मिळून ते उभे करता येते. याची सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे १९७६ चा ‘मंथन’. दिग्दर्शक श्याम बेनेगल. पटकथा आपले विजय तेंडुलकर यांची. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९४६ पासून सहकारी दूध संघाची जी चळवळ झाली, तिच्यावर हा सिनेमा आहे. गावात डॉक्टर राव नावाचा सरकारी माणूस येतो. तोवर खाजगी डेअरीवाला ठरवील तो भाव, अशी रीत असते. डॉक्टर दुधातली चरबी मोजून त्याप्रमाणे दाम देण्याची पद्धत दाखवतो. मग गावातल्या जातीपाती, हेवेदावे आणि मतलब सगळेच ढवळून निघते. स्मिता पाटील यांनी त्यात दूध घालणाऱ्या बिंदूची भूमिका केली आहे.

सिनेमा जितका पाहण्यासारखा, तितकीच त्याच्या भांडवलाची कथा ऐकण्यासारखी. गुजरातेतल्या सुमारे ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि त्या १० लाख रुपयांत हा सिनेमा तयार झाला. पाच लाख शेतकरी निर्माते! सिनेमा लागला तेव्हा हेच निर्माते गाड्या भरभरून तो बघायला गेले. नंतर त्याच्या प्रती गावोगाव नेऊन सहकारी संस्था कशी काढावी, हे लोकांना दाखवण्यात आले. २०२४ साली हाच जुना सिनेमा दुरुस्त करून फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. दोन रुपये ही काही रक्कम नव्हे. पण ते देणाऱ्याचे नाव वहीत लागले आणि हिशेब उघडा राहिला, की लहान रकमेचेही मोठे काम होते.

‘मंथन’ दाखवला तर ‘सामना’ही दाखवावा. तो १९७४ चा. लेखक पुन्हा तेंडुलकरच, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. साखर कारखान्याच्या भागातला हिंदुराव धोंडे पाटील ही भूमिका निळू फुले यांची आणि दारूत बुडालेला पण मनाने जागा असलेला मास्तर डॉ. श्रीराम लागू यांचा. सर्वांच्या नावाने चालणारी सत्ता आणि संपत्ती एकाच वाड्यावर कशी जमा होते आणि गाव कसे गप्प बसते, हे त्यात दिसते. मारुती कांबळे नावाच्या एका माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न मास्तर विचारत राहतो आणि त्या प्रश्नाने वाडा हादरतो. सहकारात भांडवल सर्वांचे असते, म्हणून प्रश्न विचारण्याचे कामही सर्वांचे असते. सोसायटीच्या वार्षिक सभेला चहापुरते जाणाऱ्यांनी हा सिनेमा दोनदा बघावा.

आपल्या दारातली शाळा

हे सारे सिनेमे बाहेरचे झाले. आपल्याकडे तर उद्योगाची शाळा दरवर्षी दारातच भरते. ती म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी.

धान निघाले, दिवाळी झाली, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानपट्ट्यात मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात आणि त्यांच्याबरोबर नाटके. होळीच्या सुमारापर्यंत हा हंगाम चालतो. वैनगंगेपलीकडचे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. गावाबाहेर मोकळ्या जागेत कनातीचे थिएटर उभे राहते. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. दंडारीपासून वाढत आलेली ही कला आज कितीतरी कुटुंबांचे पोट भरते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी-कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची मान उंचावली. २०२२ साली या रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ हा मराठी सिनेमाही आला.

नाटक आपण सगळेच पाहतो. पण तिकीटबारीमागे काय चालते, तिकडे मुलांचे लक्ष कधी वेधतो का? गावातले मंडळ कंपनीशी बोलणी करून एका रात्रीची रक्कम ठरवते. जागा, कनात, जाहिरात हा खर्च मंडळाचा. तिकिटे विकून तो काढायचा. समजा, कंपनीची रक्कम ६०,००० रुपये आणि बाकीचा खर्च १२,००० रुपये. एकूण ७२,०००. तिकीट सरासरी ६० रुपये ठेवले, तर १,२०० तिकिटे खपल्यावर बरोबरी होते. १,५०० खपली तर १८,००० रुपये उरतात. शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरे नाटक लागले आणि ८०० च तिकिटे खपली, तर २४,००० रुपयांची तूट! आकडे समजण्यापुरते आहेत, पण रीत हीच.

आता चार प्रश्न लावा. कंपनीला ठरलेली रक्कम मिळणार, म्हणजे त्या रात्रीच्या गर्दीची जोखीम मंडळाची. कंपनीची जोखीम वेगळी. तिने हंगामाआधी कलावंतांना आगाऊ रक्कम दिलेली असते, सामान केलेले असते, आणि तारखा मिळाल्या नाहीत तर ते अंगावर येते. कलावंत आणि वादक यांना रात्रीप्रमाणे मोबदला. बाहेर चिवडा-भज्यांचे, चहाचे, खेळण्यांचे दुकान लावणाऱ्याची जोखीम आणखी वेगळी. नाटक धानाच्या पैशाच्याच दिवसांत का येते, हेही मुलांना विचारा. गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा केव्हा असतो हे ओळखणे म्हणजेच बाजार ओळखणे. ज्या पोराला हे सारे एका रात्रीत कळले, त्याला धंदा म्हणजे लबाडी, असे पुन्हा वाटणार नाही.

जी गोष्ट अजून घरोघरी सांगायची आहे

आपल्याच मुलखातली एक खरी गोष्ट अशी आहे, की तिच्यावर गावोगाव नाटके व्हायला हवीत. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांची ती गोष्ट. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन थोडकी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षे निवड करत गेले. बारीक, चवदार दाण्याचे ते वाण शेजारच्या शेतकऱ्यांनी घेतले. त्या काळात लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले आणि ते धान दूरदूर पसरले. दादाजींनी पुढे आणखीही वाणे तयार केली. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ मासिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले.

आणि पैसा? एचएमटीचा तांदूळ देशभर विकला गेला. बियाणे विकणाऱ्यांनी कमावले, गिरणीवाल्यांनी कमावले, दुकानदारांनी कमावले. १९९८ साली कृषी विद्यापीठाचे ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाणही आले. दादाजींचे दिवस मात्र ओढगस्तीतच गेले. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हा औषधपाण्याच्या खर्चाचीही चणचण होती. चार प्रश्नांपैकी पहिल्या तिन्हींचे उत्तर दादाजी, आणि चौथ्याचे उत्तर भलतेच!

हे असे का झाले, याचा विचार व्हायला हवा. ज्या वर्षांत वाण पसरले, तेव्हा शेतकऱ्याने शोधलेल्या वाणावर त्याचा हक्क नोंदवण्याची सोयच नव्हती. ती २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने झाली. आता कोणा शेतकऱ्याला शेतात वेगळे, चांगले वाण गवसले, तर त्याची नोंदणी करता येते. सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची चौकशी करावी. कष्ट आणि कल्पकता आपल्या माणसांत कधीच कमी नव्हती. हक्काचा कागद आणि बाजाराची वाट या दोन ठिकाणी आपण कमी पडलो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त हेच सांगून ठेवले आहे. कच्चा माल कवडीमोलाने विकायचा आणि तोच पक्का झाल्यावर चढ्या दामाने घ्यायचा, अशाने गाव सुखी कसे होणार, असा त्यांचा प्रश्न आहे. सामुदायिक प्रार्थना म्हणणाऱ्या आपल्या गावांनी तो प्रश्न हिशेबाच्या वहीतही उतरवायला हवा.

घरी आणि गावात काय करता येईल?

उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा धानाचे काम आटोपल्यावर चार संध्याकाळी काढा. शाळेतले गुरुजी, बाई, युवक मंडळ किंवा महिला बचत गट, कोणीही पुढाकार घ्यावा. मोबाइलच्या लहान पडद्याऐवजी एखाद्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहावे. सिनेमा आधी मिळवताना तो रीतसर मिळवावा. दुसऱ्याच्या कष्टाची चोरी करून उद्योगाचा धडा देता येत नाही.

पहिल्या संध्याकाळी ‘दो बिघा जमीन’. नंतर प्रत्येकाने घरातली एक पावती किंवा कर्जाचा कागद आणून मोठ्याने वाचावा. मुद्दल किती, व्याज किती आणि मुदत केव्हाची, हे मुलांनी सांगावे.

दुसऱ्या संध्याकाळी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. नंतर प्रत्येक मुलाने असा एक धंदा सांगावा, की ज्याचा नमुना ५०० रुपयांत करून बघता येईल.

तिसऱ्या संध्याकाळी ‘मंथन’, आणि मोठ्या मुलांसाठी ‘सामना’. नंतर गावच्या सोसायटीचा किंवा बचत गटाचा ताळेबंद फळ्यावर मांडावा.

चौथ्या संध्याकाळी सिनेमा नाही. त्या दिवशी आपल्या धानाचा हिशेब. एक क्विंटल धान भरडले, की सरकारी भरडाईच्या ठरलेल्या प्रमाणाने ६७ किलो तांदूळ धरतात. बाकीचे तूस आणि कोंडा. तूस जळणाला जाते आणि कोंड्यापासून तेल निघते. म्हणजे आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, त्यालाही गिऱ्हाईक आहे. धान विकून मिळाले किती, भरडून स्वच्छ पिशवीत तांदूळ विकला तर मिळतील किती, त्यातून भरडाई, पिशवी, गाडीभाडे, तुटीची फूट आणि पैसे अडकून पडण्याचा खर्च वजा जाता उरेल किती, हे मुलांनी स्वतः मांडावे. कधी उरेल, कधी उरणारही नाही. उरत नसेल तर तेही कळलेले बरे. आंधळेपणाने केलेल्या धंद्यापेक्षा हिशेब करून न केलेला धंदा परवडतो.

शिकता शिकता लोभाचीही ओळख द्यावी. रशियाचे लेखक टॉलस्टॉय यांची १८८६ सालची एक कथा आहे. पाहोम नावाच्या शेतकऱ्याला सांगितले जाते, की सूर्य मावळेपर्यंत जेवढ्या जमिनीला पायी वळसा घालून परत येशील तेवढी तुझी. तो लोभाने दूर दूर जातो, धापा टाकत परततो आणि तिथेच कोसळून मरतो. शेवटी त्याला पुरण्यापुरती जमीन पुरते. नफा मिळवायला शिकवणाऱ्याने ‘पुरे’ म्हणायलाही शिकवावे.

मुलगा नोकरीला लागला तर आनंदच आहे. शेती केली तरी आनंद आहे. पण दोन्हीकडे त्याची गाठ पैशाशी, कागदाशी आणि बाजाराशी पडणारच. मुलीचेही तेच. त्यांना घाबरत घाबरत तिथे पाठवू नका. या हंगामात गावात नाटक लागेल, तेव्हा घरच्या पोरापोरींना थोडे लवकर घेऊन जा. पडदा उघडायला वेळ असतो. तेवढ्यात मंडळाच्या माणसाजवळ त्यांना पाच मिनिटे उभे करा आणि म्हणा, ‘भाऊ, या पोट्ट्यांना आजच्या रात्रीचा हिशेब जरा समजावून सांगा.’ सांगणाऱ्यालाही बरे वाटेल आणि ऐकणाऱ्याच्या आयुष्यभर कामी येईल.